घाईची साक्ष

साक्ष द्यायची घाई केली, असं नंतर सगळेच म्हणाले. पण त्या रविवारी तिच्या जागी एखादा मुका असता, तरी उठून बोलला असता.

तिचा नवरा प्लंबर. चर्चमध्ये त्याला सगळे नळदादा म्हणत. मंडळी लहान, साठ-सत्तर घरांची. पण त्यातल्या एकाही घराचं सिंक असं नव्हतं की ज्याच्याखाली नळदादा कधी उताणा झोपला नसेल. ती पावाच्या कारखान्यात, पॅकिंगला. पट्ट्यावरून कापलेले पाव यायचे, ते पिशवीत सरकवायचे, तोंडाला क्लिप लावायची, की पुढचा. बावीस वर्षं हेच. मूलबाळ झालं नाही. झालं नाही म्हणून रडूनही झालं होतं. आणि सगळं कसं स्थिरस्थावर झालंय असं वाटत असताना नळदादाच्या अन्ननलिकेत गाठ निघाली.

"जन्मभर लोकांच्या पाइपा मोकळ्या केल्या," तो दवाखान्याच्या पायरीवर बसून म्हणाला, "आणि तुंबली कुणाची, तर माझी."

"गप्प बसा," ती म्हणाली, हसली, आणि मग तिथेच पायरीवर हमसून हमसून रडली.

आठ महिने किरणं झाली, सलाइनमधून औषधं झाली. केस गेले, भुवया गेल्या. भुवया गेल्यावर माणूस सारखा चकित झाल्यासारखा दिसतो हे तिला तेव्हा कळलं. मंडळीने उपास केले, प्रार्थना केल्या. आणि एका गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचं चित्र खालीवर करून बघितलं आणि म्हटलं, "आता तरी गाठ दिसत नाही. तीन महिन्यांनी परत बघू."

गुरुवार ते रविवार मधे दिवस किती? पण तेवढ्यात ते वाक्य वापरून वापरून झिजलं. गुरुवारी संध्याकाळी शेजारणीला सांगताना ते होतं, "आता तरी गाठ दिसत नाही." शुक्रवारी कारखान्यात झालं, "गाठ दिसत नाही." शनिवारी फोनवर नणंदेला, "गाठ नाही." आणि रविवारी, पहिलं गीत संपल्यावर पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे?"

देवाने आपल्यासाठी काय केलं ते उठून चारचौघांत सांगायचं, ती साक्ष. दर रविवारी ठरलेली तीन-चार माणसं उठायची. कुणाची हरवलेली किल्ली सापडलेली असे, कुणाचा भाचा परीक्षेत कसाबसा निसटलेला असे. ती आयुष्यात कधी उठली नव्हती. त्या दिवशी उठली आणि म्हणाली, "देवाने माझ्या नवऱ्याची गाठ काढून टाकली."

टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. पंचकमिटीतले सगळ्यांत जुने पंचकाका, जे टाळ्या वाजवणं उथळपणाचं मानत, त्यांनीही काठी आपटली. नळदादा मान खाली घालून बसला होता, आणि भुवया नसल्यामुळे चकित दिसत होता. पुढच्या आठवड्यात मंडळीच्या मासिक पत्रकात ती साक्ष छापून आली. पत्रक हातोहात फिरलं.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी चित्र पुन्हा खालीवर केलं, आणि या वेळी परत एकदा केलं. मग म्हणाल्या, गाठ परत आलीय, यकृतातही उतरलीय. त्रास कमी करता येईल. बरं करता येणार नाही.

बाहेर बाकावर दोघं बसली. समोर एक बाई भिंतीला टेकून केळं खात होती, चावायचीसुद्धा तसदी न घेता. नळदादा तिच्याकडे टक लावून बघत होता.

"मंडळीत सांगू नकोस," तो म्हणाला.

"का?"

"का म्हणजे? इतक्या लोकांसमोर आपण बोललो. पत्रकात आलं. आता काय सांगायचं, देवाने गाठ काढली आणि परत आणून बसवली? त्याचं नाव खराब होईल गं."

असं झालं. गाठ नवऱ्याला, आणि देवाची अब्रू सांभाळायचं काम तिच्याकडे. घरी येऊन तिने चपला काढल्या, हात धुतले, आणि रोजच्या सवयीने डोळे मिटून प्रार्थनेला खुर्चीत बसली. बसली, पण शब्द फुटेना. फुटेना म्हणजे आठवेना असं नव्हे. बोलायचंच नव्हतं तिला. त्या दिवसापासून तिने देवाशी अबोला धरला. चर्चमध्ये ती आमेन म्हणायची, गीतं म्हणायची. घरात कितीही बिनसलं असलं तरी पाहुण्यांसमोर नवरा-बायको "चहा टाकू का" एवढं बोलतात, तेवढं. पाहुणे गेले की पुन्हा तोंडं दोन दिशांना.

लपवायला लागल्यावर लपवणं म्हणजे नोकरीच होऊन बसते. नळदादा शर्टावर दोन स्वेटर घालायला लागला, अंग भरलेलं दिसावं म्हणून. उपासनेनंतर चहा-बिस्किटं असायची, तेव्हा तो नेमका कुणाचा तरी गळका नळ बघायला मागच्या अंगणात जायचा. घरी पातळ सूप, दूध, तेही घोट-घोट. एका कपाला पाऊण तास. हे सगळं निभावलं. अडलं ते पहिल्या रविवारी.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. सगळ्यांनी रांगेने पुढे जायचं, पाळकसाहेबांच्या हातून प्रभूचा देह म्हणून पावाचा एक तुकडा घ्यायचा, तिथेच खायचा, आणि द्राक्षरसाचा घोट. पाव कारखान्यातून तीच आणायची आणि शनिवारी दुपारी कडा काढून तीच कापायची. खेळायच्या फाशाएवढे चौकोनी तुकडे, वर्षानुवर्षांचं माप. त्या शनिवारी तिने सुरी धरली आणि तिच्या लक्षात आलं, एवढा तुकडा याच्या घशाखाली उतरणार नाही. याच्या एकट्याचा लहान कापावा, तर ताटात कोणता तुकडा कुणाच्या हाताला येईल याचा काय नेम? म्हणून तिने सगळेच लहान कापले. पुढच्या महिन्यात वाटाण्याएवढे. त्याच्या पुढच्या महिन्यात मसुरीएवढे.

"काय ताई," पंचकाकांनी दारातच गाठलं, "कारखान्यात संप आहे की काय? प्रभूचा देह इतका बारीक? माझ्या दाढेत अडकला, संध्याकाळपर्यंत माझं प्रभुभोजनच चाललं होतं!"

"सुरी नवीन आहे, काका," ती म्हणाली. "हाताला बसली नाही अजून."

त्या दुपारी कपडे धुवायला काढताना नवऱ्याच्या पँटच्या खिशात रुमाल लागला. नीट चार घड्या घातलेला. उघडला, तर आत पावाचा ओला कण. मसुरीएवढाही उतरला नव्हता.

तो दारात उभा होता. "थुंकलो नाही गं मी," तो घाईघाईने म्हणाला. "गालात धरून ठेवला होता, मग हळूच काढून ठेवला. त्याला लागू नये असा."

तिला तो फेकवेना. ठेवून तरी काय करणार? तिने तो कण बोटाने उचलला आणि खाल्ला. मग पँट बादलीत टाकली आणि नळ मोठा सोडला.

चर्चमध्ये त्याने रुमाल तोंडाशी नेलेला कुणी बघितला नाही असं दोघं समजत होती. पण चर्चच्या ऑर्गनवर एक गोल आरसा बसवलेला होता. ऑर्गन वाजवणाऱ्या आजींची पाठ लोकांकडे. पाळकसाहेबांनी हात वर केला की थांबायचं, ते कळावं म्हणून आरसा. आजी ऐंशीच्या पुढच्या, कानांनी पार गेलेल्या, ओठांवरून बोलणं ओळखणाऱ्या, पण चाळीस वर्षं त्या आरशातून मंडळी बघत आलेल्या. कोण पेंगतं, कोण कुणाकडे बघतं, कोणाचे ओठ खोटेखोटे हलतात, त्यांना सगळं पाठ.

पुढच्या रविवारी त्यांनी तिला कपबशा विसळताना पकडलं.

"तुझा नवरा गिळत नाही!" आजी म्हणाल्या. बहिरी माणसं कुजबुजतात, ते दोन खोल्यांपलीकडे ऐकू जातं.

"आजी, हळू!"

"हळूच बोलतेय की. रुमालात ठेवलं त्याने. आरशात बघितलं मी. परत आलंय ना?"

तिने मान हलवली. हातातली बशी पुसत राहिली, कोरडी झाली तरी पुसत राहिली.

"मग सांगत का नाहीस कुणाला? एकटी कशी उचलशील त्याला उद्या?"

"साक्ष दिली होती ना मी. लोक काय म्हणतील देवाला?"

आजींनी तिच्या हातातून बशी काढून घेतली. "हे बघ पोरी, जग केलं तेव्हा त्याने तुला विचारलं होतं का? नाही ना? मग त्याची अब्रूही त्याची तो बघेल. तू नवऱ्याचं बघ."

तिला ते पटलं, पण पटणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. महिनाअखेरीला चार मंडळ्यांची एकत्र सभा होती, आणि पाळकसाहेबांनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं. तरुण, भला माणूस, टेबलावर कागद आणि कागदांवर कागद. "ताई, सभेत तुमची साक्ष हवी. तुमच्या साक्षीने किती लोकांना उभारी आली, तुम्हाला कल्पना नाही."

तेव्हा तिने सांगितलं. एका दमात, खुर्चीवर न बसता.

पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मिनिटभर ते टेबलावरचा टाचण्यांचा डबा इकडचा तिकडे करत राहिले. "आणि हे मला आज कळतंय," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. मग म्हणाले, "ताई, सभेची पत्रिका छापून गेलीय. आपण असं करू या का... पहिली जी दिलीत ना, तेवढीच द्या. तेव्हा ते खरंच होतं ना? तेव्हा गाठ नव्हतीच. पुढचं आपण सभा झाल्यावर, सावकाश, घरच्या घरी सांगू."

"तेव्हा ते खरं होतं," ती म्हणाली.

"मग झालं तर."

रस्त्याने जाताना तिने ते वाक्य उलटसुलट करून बघितलं. तेव्हा ते खरं होतं. कुठेच फट सापडेना, आणि तरी त्यातून वास येत होता.

सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, ती नवऱ्याची पँट कमरेत आत घ्यायला शिंपिणीकडे गेली. बसथांब्याशेजारी दुकान, जेमतेम दोन मशीन मावतील एवढं. शिंपीण मुळात चर्चची नव्हे. पत्रकातली साक्ष वाचून यायला लागली होती, आणि नव्या माणसाचा उत्साह तिच्यात ओसंडत होता.

"परत आत घ्यायची?" ती टेप लावत म्हणाली. "तिसरी वेळ ही. दोन इंच आणखी. बरा झाल्यावर माणूस कसा सडसडीत होतो, नाही? आमचे हे बघा, आजार नाही काही नाही, नुसते सुटतायत."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं हसली.

"उद्या माझ्या बहिणीला आणतेय हं सभेला," शिंपीण म्हणाली, आणि मग आवाज उतरवून, "तिच्या छातीत गाठ निघालीय. लहान आहे, डॉक्टर म्हणतात वेळेवर सापडली. बुधवारची तारीख दिलीय कापायची. मी म्हटलं, कशाला चिरफाड करून घेतेस? नळदादांचं बघ. नुसता विश्वास ठेव. ऐकलं तिने माझं. घाबरतच होती, तिला तेच हवं होतं."

ती पुढे झाली. "तारीख सोडू नका म्हणावं."

"तुम्ही असं म्हणता?" शिंपीण मोठ्याने हसली. "अहो, तुम्हीच?"

ती तोंड उघडून उभी राहिली. गिऱ्हाइकं बघत होती, टेप शिंपिणीच्या हाताशी लोंबत होता. पँट तिथेच टाकून ती घरी आली.

नळदादा खिडकीशी बसून कप हातात धरून होता. कप भरलेलाच. तिने सगळं सांगितलं.

"माझं तुला सांगणं चुकलं," तो म्हणाला. "मला वाटलं, लपवून काय, आपलंच आपल्याला."

"मग उद्या बोलू?"

"बोल."

"आणि देवाबद्दल काय बोलू?"

"मला काय विचारतेस? मी प्लंबर माणूस." त्याने कप खाली ठेवला. "गळती कुठे आहे ते सांग. रंग मारू नकोस वरून."

रविवारी चर्च भरून बाहेर पायऱ्यांपर्यंत माणसं होती. तीन परक्या मंडळ्यांचे पाळक पुढच्या रांगेत. शिंपीण मधल्या बाकावर, शेजारी तिची बहीण, लहानखुरी, पर्स छातीशी धरलेली. नळदादा शेवटच्या रांगेत दाराजवळ, दोन स्वेटर घालून. पाळकसाहेबांनी तिचं स्वागत केलं, तिच्याकडे बघून अगदी हळूच मान हलवली. तेवढीच, असं त्या मानेत होतं.

ती उभी राहिली. तिने पुढच्या बाकाची कड धरली.

"मी आधी एक साक्ष दिली होती," ती म्हणाली. "ती परत घ्यायला उभी आहे."

कुणीतरी "आमेन" म्हणालं, सवयीने, आणि मग त्याच्या लक्षात आलं.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आता तरी गाठ दिसत नाही. त्यातलं 'आता तरी' मी खाल्लं. दोनच शब्द. मला वाटलं, देवाचं सांगताना 'आता तरी' म्हणणं बरं दिसत नाही. गाठ परत आलीय. चार महिने झाले. यांना पाणीसुद्धा धड उतरत नाही. म्हणून प्रभुभोजनाचे तुकडे बारीक करत होते मी. पंचकाका, संप नव्हता. आणि हे डॉक्टरांच्या हाताने बरे होणार नाहीत, असं डॉक्टरच म्हणतात."

तिने मान वळवून शिंपिणीच्या बहिणीला शोधलं.

"मधल्या बाकावर एक बहीण आहे. तिची बुधवारी तारीख आहे. बाई, तू जा. माझ्या साक्षीवर राहू नकोस. माझ्या साक्षीत दोन शब्द कमी होते."

पुढच्या रांगेतला एक परका पाळक बसल्या जागेवरून म्हणाला, "बाई, विश्वास! विश्वास सोडायचा नसतो!"

ती त्याच्याकडे वळली. इतका वेळ भीती होती, ती कुठे गेली कुणास ठाऊक. अंगाचा तिळपापड झाला.

"सोडला कुठे? चार महिने मी त्याच्याशी बोललेली नाही," ती म्हणाली. "एक अक्षर नाही. पण जो नाहीच, त्याच्याशी कुणी अबोला धरतं का, साहेब? तो आहे. ऐकतोय. ते मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर बोलत नाही मी."

आणि ती खाली बसली.

पाळकसाहेब उठले आणि घाईने गीताचा नंबर सांगितला. लोकांनी गीतपुस्तकं उघडली. ऑर्गन मात्र वाजला नाही. पाळकसाहेबांनी नंबर पुन्हा, मोठ्याने सांगितला. आजी आरशात बघत बसून राहिल्या. ऐकू आलं नाही की काय, कोण विचारणार? आरशात दिसत होतं ते एवढंच, की शेवटच्या रांगेत नळदादा उभा राहिला होता आणि अंगातला स्वेटर डोक्यावरून काढत होता. एक काढला. मग दुसरा. खाली शर्ट होता आणि शर्टाच्या आत फारसं काही नव्हतं. "उकडत होतं फार," तो शेजारच्याला म्हणाला.

त्यानंतर सगळं गोडीगुलाबीने झालं, असं मुळीच नाही. शिंपिणीने तिला दारात अडवलं. चेहरा पांढराफटक. "म्हणजे मी कशाला येत होते इथे? तुमच्या एका वाक्यावर मी माझ्या बहिणीचा जीव टांगला होता!" "माझं चुकलं," एवढंच ती म्हणाली, आणि ते कमी पडतंय हे दोघींनाही कळत होतं. बहीण मागे उभी होती. बुधवारी ती दवाखान्यात गेली, असं नंतर कळलं. शिंपीण चर्चमध्ये पुन्हा आली नाही. पँट मात्र आत घेऊन, इस्त्री करून, कुणाच्या तरी हाती पाठवली. मजुरी नको म्हणाली.

पंचकाका म्हणाले, घरात काही लपलेलं पाप असणार. हे त्यांनी तिच्या तोंडावर सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तरणी माणसं घेऊन घरी आले, कारण नळदादाला आंघोळीला उचलून न्यायला माणसं लागतात हे त्यांना ठाऊक होतं; त्यांच्या भावाचं असंच झालं होतं. उचलताना ते पापाबद्दल आणखी थोडं बोलले. "काका, डावा पाय धरा आधी," नळदादा म्हणाला, "पाप मागून उचलू." मंडळीतली आणखी एक बाई दुपारी सूप घेऊन आली आणि जाता जाता स्वयंपाकघरात तिच्या कानाशी लागली. "माझ्या मुलाची साक्ष दिली होती मी, दारू सुटल्याची. आठवते? गेल्या वर्षापासून परत प्यायला लागलाय. कुणाला बोलू नकोस." आणि पदराने नाक पुसून निघून गेली.

पाळकसाहेब आले नवव्या दिवशी, भर दुपारी. एक छोटी बाटली आणि रुमालात पाव. खाटेशेजारी स्टुलावर बसले आणि प्रार्थनेला सुरुवात करायच्या आधीच म्हणाले, "नळदादा, मी तुमच्या मिसेसना खोटं बोलायला सांगत होतो."

"खोटं नव्हतं, साहेब," नळदादा म्हणाला. आवाज आता फुंकरीएवढा उरला होता. "जुनं होतं."

पाळकसाहेब हसायला गेले आणि त्यांचा चेहरा भलत्याच बाजूला गेला. त्यांनी पावाचा एक कण द्राक्षरसात विरघळवला, चमच्याने ओठांना लावला. नळदादाने प्रयत्न केला. गळ्याची घाटी वर झाली, तिथेच थांबली, आणि मग खोकला सुरू झाला, तो संपता संपेना. ती त्याला पाठीशी धरून बसली. चादरीवर लाल डाग पडले; रस कुठला आणि रक्त कुठलं ते बघायचं तिने टाळलं. खोकला थांबल्यावर पाळकसाहेबांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसले. त्यांना प्रार्थना सुचली नाही. बराच वेळ बसले, आणि तिला वाटलं, हा माणूस आज पहिल्यांदाच आपल्या घरी आलाय.

ते गेल्यावर तिने चादर बदलली. उशी बदलली. तो डोळे मिटून पडला होता, म्हणून तिला वाटलं झोपलाय.

"बोललीस का त्याच्याशी?" तो म्हणाला.

"कुणाशी?"

"कुणाशी म्हणे."

ती उशीचा अभ्रा ताणत राहिली. "नाही."

"सगळ्यांसमोर तर त्याच्याबद्दल इतकं बोललीस."

"त्याच्याबद्दल बोलले. त्याच्याशी नाही. मला राग आहे. तुम्हाला नाही येत?"

"येतो की." तो थांबला, श्वास गोळा केला. "पण मला आता वेळ कमी आहे. रुसायला परवडत नाही." मग बऱ्याच वेळाने, "मी गेलो की या घरात तुम्ही दोघंच राहणार. एका घरात राहून अबोला... तुला जमायचं नाही ते. माझ्याशी कधी दोन दिवसांच्या वर जमला नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. पुन्हा पुन्हा किल्ली फिरवल्याचा आवाज येत होता. त्याचे ओठ भेगाळले होते. त्याने डोळ्यांनीच कपाकडे बघितलं.

तिने चमच्यात पाणी घेतलं, चमचा अर्धाच भरला. त्याच्या डोक्याखाली हात घातला. आणि चमचा ओठांशी नेताना तिच्या तोंडून निघून गेलं, तिला स्वतःलाच दचकायला झालं इतकं मोठ्याने, "हे बघ, बरं करायचं नाहीस ते कळलं मला. ते तुझं तू जाण. पण निदान हे एवढं तरी उतरू दे. एक चमचा. हे मागणं जास्त होतंय का तुला?"

पाणी आत गेलं. घाटी वर झाली, थांबली. मग पाणी ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं, गालावरून मानेवर, मानेवरून नव्या अभ्र्यावर.

नळदादा तिच्याकडे बघत होता.

"असं कसं रे तुझं," ती म्हणाली. पदराने तिने त्याची मान पुसली, गाल पुसला, ओठ पुसले. मग कापसाचा बोळा पाण्यात बुडवून ओठांवर नुसता फिरवला. आणि हे सगळं करताना ती बोलतच राहिली. चार महिन्यांचं साठलेलं होतं. भांडली, दोष दिला, मधेच काय काय मागितलं. उद्या पंचकाकांची माणसं वेळेवर येऊ देत हेही मागितलं. त्या बहिणीचं नाव ठाऊक नव्हतं, तर "ती पर्स धरलेली" म्हणून तिच्यासाठी मागितलं. एकदाही स्तुती केली नाही. खोलीत ऊन सरकत भिंतीवर गेलं, रस्त्यावरची गाडी एकदाची सुरू होऊन निघून गेली, नळदादाचे डोळे हळूहळू मिटले, आणि तिचं बोलणं काही संपेना.